वरिष्ठ पदासाठी गुपचूप नोकरी शोधणे आणि शहर बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेला प्लांट हेड किंवा वित्त विभागाचा प्रमुख नोकरी बदलण्याच्या विचारात येतो, तेव्हा त्याची पहिली काळजी पगाराची नसते. ‘साहेब चाललेत’ ही कुजबुज कँटीनपर्यंत पोचू नये, ही असते. भोसरी, चाकण आणि रांजणगाव येथील कंपन्यांचे पुरवठादार तेच, ग्राहक तेच आणि एचआरच्या मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुपही तेच, त्यामुळे ही काळजी अनाठायी नाही. सर्च कन्सल्टंट म्हणून, म्हणजे कंपन्यांसाठी वरिष्ठ अधिकारी शोधून देण्याचे काम करताना, अशा अधिकाऱ्यांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

माझ्यासाठी नोकरी शोधून देणारा रिक्रूटर मला नेमता येतो का?

रूढ अर्थाने नाही, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. रिक्रूटरचे बिल भरती करणारी कंपनी चुकते करते, त्यामुळे त्याची बांधिलकी त्या कंपनीशी असते. त्याच्या लेखी आपण ग्राहक नाही. स्पष्टच सांगायचे तर आपण माल आहात. चांगला कन्सल्टंट या मालाला मान देतो, त्याचे म्हणणे ऐकून घेतो, प्रसंगी सल्लाही देतो. मात्र आपण त्याला मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट, उदाहरणार्थ ‘साहेबांशी पटत नाही’ किंवा ‘मुलीच्या शिक्षणासाठी मला काहीही करून बेंगळुरूला जायचेच आहे’, त्याच्या टिपणात उतरते आणि ते टिपण नव्या कंपनीच्या टेबलावर जाते. म्हणून त्याच्याशी बोलताना समोर आपला वकील बसलेला नाही, हे भान ठेवावे. पैसे घेऊन सीव्ही लिहून देणारे किंवा मुलाखतीची तयारी करून घेणारे करिअर सल्लागार हा वेगळा व्यवसाय आहे. त्यांचा उपयोग होतो, पण रिकामी पदे त्यांच्या हातात नसतात.

मोठ्या सर्च फर्म आणि साध्या प्लेसमेंट एजन्सीज यांत गोपनीयतेच्या दृष्टीने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो, आणि तो माणसांच्या सचोटीपेक्षा पैसे मिळण्याच्या पद्धतीतून येतो. कॉर्न फेरी, एगॉन झेंडर, स्पेन्सर स्टुअर्ट यांसारख्या फर्म रिटेनर पद्धतीने, म्हणजे पद भरण्याआधीपासूनच शुल्क घेऊन, काम करतात. शुल्क साधारणपणे पदाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या घरात असते आणि ते बहुधा टप्प्याटप्प्याने मिळते. पद भरण्याचे काम त्या एकाच फर्मकडे असल्याने तिला घाई नसते, आणि आपले नाव पुढे करण्याआधी ती आपली संमती घेते.

प्लेसमेंट एजन्सीचे तसे नसते. तिला उमेदवार रुजू झाल्यावरच पैसे मिळतात. ८.३३ टक्के, म्हणजे वार्षिक पगारातला एका महिन्याचा हिस्सा, हा आपल्याकडचा परिचित दर आहे. एकाच पदासाठी चार-पाच एजन्सीज धावत असतात आणि ज्या एजन्सीने सीव्ही आधी पोर्टलवर चढवला, तिचा त्या उमेदवारावर हक्क धरला जातो. म्हणून ‘सर, फक्त बघण्यासाठी सीव्ही पाठवा’ असे म्हणणारा तरुण संध्याकाळपर्यंत तो तीन कंपन्यांना पाठवून मोकळा होतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. त्याचे महिन्याचे टार्गेट असते. एकच सीव्ही दोन एजन्सीजकडून एकाच कंपनीत पोचला, तर हक्काचा वाद नको म्हणून काही कंपन्या तो उमेदवारच बाजूला ठेवतात.

रिटेनर फर्मची एक अडचणही जाणून घ्यावी. ज्या कंपनीचे काम त्यांनी नुकतेच केले आहे, तिच्या अधिकाऱ्यांना ठरावीक काळ, बहुधा वर्ष-दोन वर्षे, फोन करायचा नाही असा त्यांचा नियम असतो. त्यामुळे आपली कंपनी एखाद्या फर्मची ग्राहक असेल, तर ती फर्म आपल्याशी गोड बोलेल, पण संधी घेऊन येणार नाही. हे थेट विचारण्यात संकोच करू नये.

अनोळखी कन्सल्टंटचा फोन आला तर काय बोलावे?

आधी काहीच बोलू नये. ‘आत्ता बोलणे शक्य नाही, संध्याकाळी सातनंतर याच मोबाइलवर फोन करा’ एवढे पुरे. मधल्या वेळेत फर्मच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या व्यक्तीचे नाव आहे का, तिचा ईमेल फर्मच्या पत्त्यावरून येतो की जीमेलवरून, हे पाहून घ्यावे. संध्याकाळी तीन गोष्टी विचाराव्यात : हे काम तुमच्याकडे रिटेनरवर आहे का, हे पद नवे आहे की कोणाच्या जागी आहे, आणि माझे नाव तुम्हाला कोणी सुचवले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही, परंतु ते टाळण्याच्या रीतीवरून समोरचा माणूस तोंडाचा किती पक्का आहे, हे कळते. जो दुसऱ्याचे नाव आपल्याला सहज सांगतो, तो आपलेही नाव सहज सांगेल.

येथे माझीच एक चूक सांगतो. व्यवसायात नवा असताना भोसरीतील एका कारखान्याच्या अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर मिळाला नाही, म्हणून मी कंपनीच्या बोर्ड नंबरवर फोन केला आणि ऑपरेटरने विचारले तेव्हा आमच्या एजन्सीचे नाव सांगून बसलो. बाईंनी ते इमानाने चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी त्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये, मालक समोर बसलेले असताना पाठवली. ते गृहस्थ नोकरी शोधतही नव्हते. त्यांनी पुन्हा कधी माझा फोन उचलला नाही.

सीव्हीवर सध्याच्या कंपनीचे नाव लिहू नये का?

पहिल्या फेरीत नाव न देता ‘वाहनांचे सुटे भाग बनवणारी, पश्चिम महाराष्ट्रात तीन कारखाने असलेली कंपनी’ असे लिहिता येते. कन्सल्टंटही कधी कधी असा निनावी गोषवारा आधी पाठवतात. मात्र पद जितके वरचे, तितके हे झाकण पातळ होते, कारण तीन कारखाने आणि अमुक एवढी उलाढाल असलेल्या कंपन्या दोनच असतात आणि ओळखणारा ओळखतोच. तेव्हा खरा उपाय नाव लपवणे हा नसून प्रत्येक ठिकाणी पाठवण्यापूर्वी लेखी विचारणा व्हावी ही अट घालणे, हा आहे. ‘माझ्या लेखी संमतीशिवाय माझा सीव्ही वा नाव कोणत्याही कंपनीस देऊ नये’ हे एक वाक्य सीव्हीसोबतच्या ईमेलमध्ये लिहावे. नंतर वाद झाला, तर दाखवायला तेच हाताशी असते.

दुर्लक्षित राहणारी गोष्ट फाइलचीच आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर तयार केलेल्या वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखक म्हणून आपले लॉगिन नाव आणि कंपनीचे नाव बहुधा आपोआप नोंदले जाते, त्यामुळे कागदावर झाकलेले नाव तेथे उघडे पडते. शिवाय त्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या वाय-फायवर काय चालते, हे आयटी विभागाला पाहता येते. सीव्ही घरच्या संगणकावर लिहावा, पीडीएफ करून पाठवावा, आणि ऑफिसच्या प्रिंटरवर त्याची प्रत कधीही काढू नये. ट्रेमध्ये विसरलेल्या दुसऱ्या पानाने बातमी फुटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ (नोकरीच्या शोधात) ही खूण फक्त रिक्रूटरना दिसेल अशी ठेवली, तर ते सुरक्षित आहे का?

बऱ्याच अंशी, पूर्णपणे नाही. लिंक्डइन आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरना ती खूण दिसू नये अशी व्यवस्था करते, पण पूर्ण गोपनीयतेची हमी देत नाही, आणि आपल्या कंपनीसाठी बाहेरून काम करणाऱ्या एजन्सीचा माणूस त्या गाळणीतून निसटू शकतो. नोकरी डॉट कॉमवरही ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवण्याची सोय आहे, तिलाही हीच मर्यादा आहे. वरिष्ठ पदावरच्या व्यक्तीने जॉब पोर्टलवर नसावेच, असे माझे मत आहे. लिंक्डइनवरील माहिती मात्र वर्षभर थोडी थोडी अद्ययावत ठेवावी. तीन वर्षे झोपलेले प्रोफाइल एका रात्रीत नव्या फोटोसह उजळले, तर सहकाऱ्यांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

माझी माहिती चुकून माझ्याच समूहातील कंपनीकडे जाणार नाही, याची खात्री कशी करावी?

कन्सल्टंटला ‘येथे पाठवू नये’ अशी यादी लेखी द्यावी. त्या यादीत समूहातील कंपन्या आणि मोठे ग्राहक असतातच, पण दोन नावे बहुतेक जण विसरतात. एक म्हणजे आपल्या संचालक मंडळावरील स्वतंत्र संचालक, जे आणखी चार कंपन्यांच्या मंडळांवर असू शकतात. दुसरे म्हणजे आपल्या कंपनीत पैसा गुंतवलेला प्रायव्हेट इक्विटी फंड. त्याच फंडाची गुंतवणूक नव्या कंपनीतही असेल, तर दोन्हीकडच्या बैठकांना एकच माणूस बसतो.

कायद्याचा आधार म्हणाल, तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क त्यात आहे. शोध संपल्यावर एजन्सीला तसे पत्र लिहावे. फुटलेली बातमी मात्र कोणत्याही कायद्याने परत पोटात जात नाही.

मुलाखत कोठे आणि कशी द्यावी?

कन्सल्टंटच्या कार्यालयात किंवा व्हिडिओवरून, घरी बसून. विमाननगर किंवा सेनापती बापट रस्त्यावरच्या बड्या हॉटेलांच्या लॉबीत बसू नये, कारण बाकीचे सगळेही तेथेच बसतात. कंपनीची गाडी आणि कंपनीचा ड्रायव्हर त्या दिवशी घेऊ नये. साहेब एरवी कोठे जातात आणि आज कोठे गेले, हे ड्रायव्हरइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि कंपनीच्या फास्टॅगच्या हिशेबात मुंबईचा टोल दिसतोच. रजा घ्यावी, ‘तब्येत बरी नाही’ हे कारण मात्र देऊ नये.

सध्याच्या साहेबांकडे संदर्भासाठी चौकशी झाली तर?

ऑफर हातात येण्यापूर्वी सध्याच्या कंपनीत कोणाकडेही चौकशी होणार नाही, हे पहिल्याच भेटीत ठरवावे. आधीच्या कंपनीतील वरिष्ठ, निवृत्त झालेले साहेब किंवा एखादा जुना ग्राहक यांची नावे द्यावीत आणि त्यांना आधी फोन करून सांगावे. खरी भीती अधिकृत चौकशीची नसून मागच्या दाराच्या चौकशीची असते. नव्या कंपनीचा संचालक ओळखीतल्या कोणाला तरी ‘हा माणूस कसा आहे हो?’ असे सहज विचारतो, आणि विचारण्यातूनच उत्तरापेक्षा मोठी बातमी जाते. ही चौकशी पूर्णपणे थांबवता येत नाही. अंतिम यादीत दोनच उमेदवार उरेपर्यंत आपले नाव संचालक मंडळापुढे नेऊ नये, अशी विनंती कन्सल्टंटला करता येते, आणि चांगला कन्सल्टंट ती मानतो.

माझी कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आहे. वेगळी काही काळजी?

होय. व्यवस्थापकीय संचालक, सीईओ, सीएफओ, कंपनी सेक्रेटरी आणि वरिष्ठ व्यवस्थापनात मोडणारे अधिकारी यांच्यातील बदल सेबीच्या नियमांप्रमाणे शेअर बाजारांना कळवावे लागतात, आणि राजीनाम्याच्या बाबतीत त्यासाठी कंपनीला २४ तास मिळतात. राजीनामा अमलात आल्यावर सात दिवसांच्या आत राजीनाम्याचे पत्रही कारणांसह जाहीर करावे लागते. म्हणजे आपण रागाच्या भरात लिहिलेले पत्र उद्या कोणीही उघडून वाचू शकते. पत्र चार ओळींचे ठेवावे. नवी कंपनीही सूचिबद्ध असेल, तर तिची घोषणा आपल्या राजीनाम्याच्या घोषणेआधी होणार नाही, हे तारीखवार ठरवून घ्यावे. शिवाय मुलाखतीत ‘या तिमाहीत काय स्थिती आहे?’ असे कोणी विचारले, तर जाहीर झालेल्या आकड्यांपलीकडे एक अक्षर बोलू नये. अंतर्गत माहितीबाबतचे सेबीचे २०१५ चे नियम मुलाखतीच्या खोलीतही लागू असतात.

करारात ‘दोन वर्षे स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही’ असे लिहिले आहे. मी अडकलो का?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो, आणि नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालये सहसा मानत नाहीत. नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी आहे. कल्याणजवळच्या एका रेयॉन कारखान्यातील कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून राजस्थानातील स्पर्धक कंपनीत गेला, तेव्हा उरलेल्या मुदतीपुरती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये योग्य ठरवली होती. किमान सेवेची अट आणि ती मोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याचा करारही टिकू शकतो. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि २ लाख रुपयांची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कायम केली. गुपिते न फोडण्याचे आणि जुन्या सहकाऱ्यांना फोडून न नेण्याचे कलम तर गांभीर्यानेच घ्यावे. करारपत्राची प्रत वकिलाला दाखवण्यासाठी जे पैसे लागतील, ते देऊन टाकावेत.

व्यवहारात अडवणूक होते ती नोटीस पीरियडची. ९० दिवसांचा काळ नवी कंपनी पैसे भरून कमी करून घेते का, आणि जुनी कंपनी ते मान्य करते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बायआउटचे, म्हणजे असे पैसे भरून नोटीस कमी करण्याचे, कलम करारात आहे का आणि तो पर्याय कोणाच्या मर्जीवर आहे, हे राजीनाम्यापूर्वी वाचून घ्यावे. सेवेला पाच वर्षे पूर्ण होण्यास थोडे महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीकडे, आणि कंपनीने देऊ केलेल्या पण अजून हक्काच्या न झालेल्या शेअर पर्यायांच्या (ईसॉप) तारखांकडेही, एकदा कॅलेंडर समोर ठेवून पाहावे.

शहर बदलण्याची तयारी आहे की नाही, हे कोणत्या टप्प्यावर सांगावे?

पहिल्याच संभाषणात, आणि खरे. ‘लोकेशनचे पुढे पाहू’ म्हणणारा उमेदवार अंतिम फेरीनंतर ‘घरचे तयार नाहीत’ म्हणून माघार घेतो, तेव्हा कन्सल्टंटचे तीन महिने वाया जातात आणि पुढच्या कामासाठी तो त्या माणसाला फोन करत नाही. म्हणून कन्सल्टंटकडे होकार देण्याआधी घरात बोलणे झालेले असावे. माझ्या अनुभवात ऑफर मोडते ती पगारावर कमी आणि जोडीदाराची नोकरी, आईवडिलांचे औषधपाणी व मुलांची दहावी यांवर जास्त. सीबीएसईत थेट दहावीत किंवा बारावीत दुसऱ्या बोर्डातून प्रवेश सहसा मिळत नाही. राज्य मंडळाच्या शाळेतला मुलगा नववी संपवत असेल, तर बापाने एकट्याने जायचे की वर्षभर थांबायचे, हे मुलाखतीआधीच ठरलेले बरे.

स्थलांतराच्या खर्चाबद्दल ‘ॲज पर पॉलिसी’ या तीन शब्दांवर समाधान मानू नये. पॅकर्स-मूव्हर्सचे बिल कंपनी परस्पर भरणार की आपण भरून मागायचे, तात्पुरता फ्लॅट किती आठवडे, दलाली आणि घराचे डिपॉझिट कोणाच्या खिशातून, घर पाहण्यासाठी पतीपत्नीला एक फेरी मिळणार का, हे सगळे ऑफर लेटरमध्ये यावे. वसुलीचे कलम विशेष नीट वाचावे. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास हा खर्च आणि जॉइनिंग बोनस परत करण्याची अट सर्रास असते, पण कंपनीनेच आपल्याला काढले किंवा पद रद्द केले, तर ती लागू होऊ नये, हे एक वाक्य आपण मागून घालून घ्यायचे असते. कोणी आपणहून घालत नाही.

राजीनाम्याआधी घर, शाळा, गाडी यांची तयारी कशी करावी?

अगदी थोडी करावी. शाळेच्या प्रवेश अर्जावर पालकाचे कार्यालय आणि फोन हे रकाने असतात, आणि जुन्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज केला की त्याच सोसायटीत राहणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी रात्रीच्या जेवणावर तो विषय निघतो. पॅकर्सच्या संकेतस्थळावर एकदा मोबाइल नंबर टाकला, तर दुसऱ्या दिवशी भर मीटिंगमध्ये दहा फोन येतात. ही कामे नोटीस पीरियडमध्ये आरामात होतात, तो काळ त्यासाठीच असल्यासारखा आहे.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची, तर तिची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी आपल्या आरटीओची एनओसी लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. नवी गाडी घेणारच असाल, तर थोडे थांबावे. चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपनीच्या कर्मचाऱ्याला २०२१ पासून बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदलले तरी चालणारा, क्रमांक घेता येतो, त्याचा कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि पुढच्या बदलीत हा खटाटोप वाचतो.

दुबईतील पदासाठी एजन्सी पैसे मागते आहे. द्यावेत का?

वरिष्ठ पदासाठी उमेदवाराकडे पैसे मागणारी एजन्सी दिसली की फोन ठेवून द्यावा. परदेशी नोकरीसाठी भारतातून भरती करणाऱ्या एजंटला उत्प्रवासन कायदा, १९८३ खाली नोंदणी करावी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि अशा एजंटला घेता येणारे सेवाशुल्कही ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढ्यापुरतेच मर्यादित आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कर्मचाऱ्यावर टाकायचा नसतो.

तेथे प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकते आणि त्या काळात मालक १४ दिवसांच्या नोटिशीवर काम थांबवू शकतो, म्हणून पहिले सहा महिने पुण्यातले घर भाड्याने देऊन टाकण्याची घाई करू नये. पदवी प्रमाणपत्राचे साक्षांकन राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि मग अमिरातीची वकिलात या क्रमाने होते आणि त्यात आठवडे जातात. हे काम मात्र गाजावाजा न होता आधी करून ठेवण्यासारखे आहे, कारण त्यासाठी सध्याच्या कंपनीचा कोणताही कागद लागत नाही.

एवढे करूनही बातमी फुटली तर?

साहेबांनी थेट विचारले, तर खोटे बोलू नये आणि सगळे सांगूही नये. ‘मला अधूनमधून फोन येतात, त्यातल्या एकाशी बोललो, निर्णय घेतला, तर पहिल्यांदा आपल्याला सांगेन’ हे उत्तर बहुधा खरेही असते. त्याच दिवशी कन्सल्टंटला फोन करून कोणाकोणाला नाव दिले, याची यादी मागावी. तो उत्तर द्यायला चाचरला, तर पुढचे पाऊल त्याच्याबरोबर टाकू नये.

राजीनामा देण्याचा दिवस कसा ठरवावा?

नव्या कंपनीचे सही झालेले ऑफर लेटर हातात आल्यावर आणि सध्याची कंपनी सोडून बाकी सगळी पडताळणी संपल्यावर, त्याआधी नाही. तोंडी होकारावर राजीनामा दिलेले आणि मग संचालक मंडळाने पदच गोठवल्याने अधांतरी राहिलेले लोक मी पाहिले आहेत. सकाळी साहेबांना समोर बसून सांगावे, त्याच दुपारी ईमेल करावा, आणि आपल्या हाताखालच्या मुख्य दोघा-तिघांना संध्याकाळपर्यंत स्वतः बोलवून सांगावे. साहेब पगार वाढवून थांबवू पाहतील, त्याचे उत्तर घरून ठरवून जावे. ड्रायव्हरलाही स्वतःच सांगावे. तो आश्चर्य वाटल्याचे दाखवेल.